कर्करोगाच्या वेदनेवर नर्व्ह ब्लॉक : कुठे, कधी आणि किती खर्चात

घरात कर्करोगाचा रुग्ण आहे. मॉर्फिन सुरू आहे, डोस वाढतो आहे, तरी रात्र सरत नाही. किंवा वेदना आटोक्यात आहे, पण बद्धकोष्ठ, मळमळ आणि गुंगीने माणूस बेजार झाला आहे. डॉक्टर म्हणतात, ‘नर्व्ह ब्लॉक देऊन बघू’, म्हणजे वेदना वाहून नेणाऱ्या नसेजवळ औषध टोचून ती बंद करू. मग तुमचे प्रश्न सुरू होतात. कोणाकडे जायचे? पैसे किती? योजनेत बसेल का? आराम किती दिवस? उत्तरे इथे क्रमाने देत आहोत.

त्याआधी एक हिशेब पक्का करा. ब्लॉकमध्ये टोचले जाणारे औषध स्वस्त असते. बधिर करणारी लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. नस दीर्घकाळ बंद ठेवणारे वैद्यकीय अल्कोहोल किंवा फिनॉल हेही महाग नाही. तुम्ही पैसे मोजता ते खोलीचे, यंत्राचे आणि डॉक्टरांच्या कौशल्याचे. म्हणूनच एकाच ब्लॉकचे बिल एका रुग्णालयात काही हजार होते आणि दुसरीकडे पाऊण लाख.

नेमके काय मिळते?

ब्लॉकचे दोन टप्पे असतात. पहिला चाचणीचा. त्यात फक्त बधिर करणारे औषध देतात आणि त्याचा परिणाम काही तास टिकतो. वेदना चांगली उतरली, तर नस बरोबर ओळखली असे समजायचे. दुसरा टप्पा कायमच्या औषधाचा. त्यात अल्कोहोल, फिनॉल किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने नस निकामी करतात. ‘कायमचा’ या शब्दावर जाऊ नका. आराम साधारण तीन ते सहा महिने टिकतो. नस पुन्हा वाढते किंवा आजार पुढे सरकतो, आणि वेदना परतू शकते. त्या वेळी ब्लॉक पुन्हा देता येतो, पण खर्चही पुन्हा येतो.

मॉर्फिन सुटेल का? बहुतेकांचे सुटत नाही, कमी होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगातील ब्लॉकवरच्या अभ्यासांचा कोक्रेन आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्लॉक घेतलेल्यांची वेदना थोडी कमी आणि मॉर्फिनसारख्या औषधांची गरज बरीच कमी आढळली. डोस कमी झाला की गुंगी आणि बद्धकोष्ठही कमी होते. ब्लॉकची खरी कमाई ती आहे. ‘एका इंजेक्शनात सगळ्या गोळ्या बंद’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर दुसरे मत घ्या.

तुमच्या रुग्णाला लागू आहे का?

वेदना एका भागात असेल आणि त्या भागाची नस ठरलेली असेल, तर ब्लॉकचा उपयोग होतो. वेदना कुठे आहे यावर ब्लॉक ठरतो.

पोटाच्या वरच्या भागात दुखून पाठीत कळ जाते, म्हणजे स्वादुपिंड, पित्ताशय किंवा जठराचा कर्करोग असेल, तर सीलिॲक प्लेक्सस ब्लॉक. ओटीपोटात दुखते, म्हणजे गर्भाशयमुख, मूत्राशय, प्रोस्टेट किंवा गुदाशयाचा आजार असेल, तर सुपीरिअर हायपोगॅस्ट्रिक ब्लॉक. गुदद्वाराजवळ दुखते आणि बसवत नाही, तर गँगलियन इम्पार ब्लॉक. बरगड्या किंवा छातीची भिंत दुखत असेल, तर इंटरकोस्टल ब्लॉक. तोंडाच्या कर्करोगात जबडा आणि गाल ठणकत असेल, तर ट्रायजेमिनल नसेच्या शाखांचा ब्लॉक.

वेदना अंगभर अनेक हाडांत पसरली असेल, तर एका ब्लॉकने भागत नाही. तिथे आधी रेडिओथेरपीबद्दल विचारा. हाडाच्या एखाद्या दुखऱ्या जागेला ८ ग्रे मात्रेची एकच बैठक अनेकांना पुरते.

कधी घ्यायचा?

‘शेवटचा उपाय’ म्हणून राखून ठेवू नका. सीलिॲक ब्लॉक पाठीतून देतात तेव्हा रुग्णाला पोटाखाली उशी घेऊन अर्धा-पाऊण तास पालथे पडून राहावे लागते. पोटात पाणी भरले, दम लागू लागला, की हे जमत नाही. गाठ नसांभोवती पसरली की औषध पोहोचायला हवे तिथे पोहोचत नाही. वेदना रोजची झाली आणि मॉर्फिनचा डोस वाढवण्याची दुसरी-तिसरी वेळ आली, की ‘ब्लॉकचा विचार करायचा का?’ हा प्रश्न तुम्हीच काढा. कर्करोगतज्ज्ञ विसरू शकतात. त्यांचे लक्ष केमोच्या तारखांवर असते.

रक्त गोठण्यात दोष असेल, प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा सुई टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर ब्लॉक पुढे ढकलतात. केमो चालू असेल, तर दोन केमोंच्या मधली, रक्तपेशी सावरलेल्या दिवसांतली तारीख मागा.

कुठे जायचे?

ब्लॉक देणारे डॉक्टर बहुतेकदा वेदनाशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेले भूलतज्ज्ञ असतात. काही ठिकाणी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट सीटी स्कॅनखाली ब्लॉक देतात. सीलिॲक ब्लॉक एंडोस्कोपीच्या सोनोग्राफीतूनही देता येतो. ते काम पोटविकारतज्ज्ञांचे. पाटीवर ‘पेन क्लिनिक’ लिहिले म्हणून आत शिरू नका. पुष्कळ पेन क्लिनिकांचे रोजचे काम गुडघे आणि मणके हेच असते. थेट विचारा, ‘कर्करोगाच्या रुग्णांना हाच ब्लॉक तुम्ही महिन्याला किती वेळा देता?’

मुंबईत परळचे टाटा मेमोरियल आणि खारघरचे ॲक्ट्रेक. महापालिकेची केईएम, सायन, नायर ही रुग्णालये. पुण्यात ससून. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल. गोव्यात बांबोळीचे गोमेकॉ. यांतल्या तुम्हाला जवळच्या ठिकाणी आधी भूलशास्त्र विभागात फोन करा आणि तीन गोष्टी विचारा : पेन ओपीडी कोणत्या वारी असते, तुम्हाला हवा तो ब्लॉक तिथे होतो का, आणि बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालते का. हे न विचारता दीडशे किलोमीटरचा प्रवास करू नका.

ब्लॉक नको, पण वेदना सांभाळणारी काळजी हवी असेल, तर पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र रुग्णाकडून पैसे घेत नाही. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे.

किती वेळ लागतो?

ब्लॉक स्वतः अर्ध्या ते एका तासाचा. त्यानंतर चार ते सहा तास निरीक्षण. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. कधी एक रात्र ठेवतात. खरा वेळ त्याआधी जातो. ओपीडी, तपासण्या, तारीख यांत खासगी रुग्णालयात काही दिवस, तर सरकारी रुग्णालयात काही आठवडे जाऊ शकतात. वेदना असह्य असेल, तर केसपेपरवर दहापैकी वेदनेचा आकडा लिहून घ्यायला सांगा. ‘खूप दुखते’पेक्षा ‘गोळी घेऊनही दहापैकी आठ’ हे वाक्य तारीख लवकर मिळवून देते.

कोणती कागदपत्रे?

एका फाइलमध्ये लावा : बायॉप्सीचा अहवाल. अलीकडचा सीटी किंवा एमआरआय. नुसता कागद पुरत नाही, सीडी किंवा फिल्मसुद्धा. केमो-रेडिएशनचा सारांश. चालू औषधांची डोससकट यादी. सीबीसी, पीटी-आयएनआर, क्रिएटिनीन. मधुमेह असेल तर साखरेचा अहवाल. रुग्णाचे आधार, शिधापत्रिका, आयुष्मान कार्ड, विमा असल्यास पॉलिसी. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

औषधांच्या यादीत रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ती लाल शाईने लिहा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन. यांतली कोणती किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतात. स्टेंट बसवलेला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. आणि ही माहिती दडवलीत, तर ऐन दिवशी ब्लॉक रद्द होतो आणि तपासण्यांचा खर्च वाया जातो.

खर्च किती?

पुढचे आकडे पुण्या-मुंबईतल्या खासगी रुग्णालयांचे ढोबळ अंदाज आहेत. घासाघीस करताना आणि लेखी एस्टिमेट मागताना ते हाताशी ठेवा.

तज्ज्ञांची पहिली भेट आठशे ते दोन हजार रुपये. बरगडीसारखा वरवरचा ब्लॉक सोनोग्राफीखाली पाच ते पंधरा हजार. सीलिॲक किंवा हायपोगॅस्ट्रिक ब्लॉक सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली पंचवीस ते सत्तर हजार. एंडोस्कोपीतून सीलिॲक ब्लॉक चाळीस हजारांपासून लाखाच्या वर. मणक्यातील द्रवात औषध सोडणारा, शरीरात बसवायचा पंप काही लाखांत जातो. तो रुग्णाचे उरलेले आयुर्मान आणि घरची ऐपत बघूनच सुचवायला हवा.

सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत केसपेपर नाममात्र असतो. ब्लॉकचे शुल्कही तुलनेने थोडे असते. तिथला खर्च म्हणजे बाहेरून आणायला सांगितलेली सुई, कॉन्ट्रास्ट औषध आणि राहण्या-जाण्याचा. टाटामध्ये नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट असा वर्ग निवडावा लागतो आणि दोन्हींच्या दरांत मोठा फरक आहे. रांग टाळायच्या घाईत प्रायव्हेटवर टिक करू नका. पुढच्या सगळ्या तपासण्यांचे दर त्यावर ठरतात.

तुलनेसाठी मॉर्फिनचा खर्च बघा. दहा मिलिग्रॅमच्या गोळीला काही रुपयेच पडतात. मध्यम डोस असेल, तर महिन्याला हजार-दीड हजारांच्या आत भागते. फेंटानिलचा चिकटपट्टीसारखा पॅच मात्र महाग; तो दर तीन दिवसांनी बदलायचा असतो. म्हणजे गोळ्यांनी नीट भागत असेल, तर केवळ ‘मॉर्फिन वाईट’ या भीतीने ब्लॉकवर पन्नास हजार घालू नका. पण पॅचवर महिन्याला काही हजार जात असतील आणि रुग्ण दिवसभर गुंगीत असेल, तर ब्लॉकचा हिशेब जमतो.

बिलात काय तपासायचे?

‘पॅकेज’ हा शब्द ऐकला, की त्यात काय नाही ते आधी विचारा. ब्लॉकच्या बिलावर साधारण एवढ्या ओळी असतात : ओटी किंवा कॅथलॅबचे भाडे, सी-आर्म, डॉक्टरांची फी, भुलीची फी, सुया आणि इतर साहित्य, कॉन्ट्रास्ट, फार्मसी, डे-केअर बेड, नोंदणी. एस्टिमेट यातल्या प्रत्येक ओळीसमोर आकडा घालून मागा. नुसता एकूण आकडा घेऊ नका.

आता फट कुठे पडते ते बघा. ब्लॉक देणारे डॉक्टर स्वतः भूलतज्ज्ञ असतात, तरी बिलावर दुसऱ्या भूलतज्ज्ञाची फी येते. रुग्ण अशक्त असेल, तर दुसरा माणूस लक्ष ठेवायला असणे चांगलेच. पण आकडा आधी कळायला हवा. डाव्या-उजव्या बाजूला एकेक सुई टोचली, की दोन ब्लॉकचे पैसे लावले जातात. सीलिॲक ब्लॉकमध्ये दोन सुया ही नेहमीची पद्धत आहे, तेव्हा ‘एकूण एकच धरणार ना?’ हे लिहून घ्या. चाचणीचा ब्लॉक आणि कायमचा ब्लॉक वेगवेगळ्या दिवशी लावला, तर ओटीचे भाडे दोनदा पडते. दोन्ही एकाच बैठकीत होतील का, विचारा, अनेकदा होतात.

अल्कोहोलने काम भागत असताना रेडिओफ्रिक्वेन्सी सुचवली, तर कारण विचारा. तिथली सुई आणि यंत्र बरेच महाग असते. ओझोन, पीआरपी असली जोडइंजेक्शने कर्करोगाच्या वेदनेसाठी घेऊ नका. फार्मसीच्या बिलाची यादी डिस्चार्जआधी मागा. न उघडलेल्या सुया आणि सलाईनच्या बाटल्या परत करून पैसे वजा करून घ्या. संध्याकाळी सहानंतर डिस्चार्ज गेला, तर काही ठिकाणी पूर्ण दिवसाचे खाट-भाडे लागते. दुपारपासूनच कागद हलवायला लावा.

योजना आणि विमा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे संरक्षण महाराष्ट्रात आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. पांढरी शिधापत्रिकावालेही त्यात येतात. पण योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी असते. नुसता ब्लॉक त्यात बसतो की दाखल करून घेऊन केलेल्या दुसऱ्या उपचाराबरोबरच बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा. योजनेत मंजुरी मिळाल्यावर त्याच उपचारासाठी वर पैसे मागितले, तर १५५३८८ वर तक्रार करा. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाचे आयुष्मान वय वंदना कार्ड निघते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. गोव्यातल्या रहिवाशांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड न्यावे.

खासगी पण धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकातील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आत असेल, तर उपचार मोफत. तीन लाख साठ हजारांच्या आत असेल, तर सवलतीच्या दरात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घ्या आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. दाखल होण्याआधी भेटा. डिपॉझिट भरून झाल्यावर सवलत मागितली, की टोलवाटोलवी सुरू होते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठीही उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचे एस्टिमेट लागते. ती मदत येईपर्यंत ब्लॉक थांबवायचा का, हे आधी ठरवा.

खासगी विमा असेल, तर रुग्णालयाच्या विम्याच्या (टीपीए) खिडकीवर ‘डे-केअर’ म्हणून पूर्वमंजुरी घ्या. ‘पेन मॅनेजमेंट इंजेक्शन’ एवढेच लिहिले, की कंपनी त्याला ओपीडी म्हणून नाकारू शकते. अर्जावर कर्करोगाचे निदान, ब्लॉकचे पूर्ण नाव, ओटीत आणि सी-आर्मखाली होणार हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. खिडकीवर ही मुदत ठणकावून सांगा.

प्रवासासाठी रेल्वेची सवलत विसरू नका. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत शंभर टक्के आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के सूट मिळते. ठरलेला फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या. टाटाला बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी घेऊन जा.

त्या दिवशी

सहा तास आधीपासून खाणे बंद. साधे पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालते. सकाळच्या मॉर्फिनचे काय करायचे ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. उपाशी पोटाच्या नावाखाली डोस चुकवला, तर टेबलावर पालथे पडणेच जमत नाही. सोबत एक धडधाकट माणूस हवा. चोवीस तास रुग्णाने गाडी चालवायची नाही.

संमतिपत्र मराठीत मागा आणि वाचून सही करा. सीलिॲक ब्लॉकनंतर रक्तदाब उतरणे, दोन-चार दिवस जुलाब होणे आणि टोचलेल्या जागी दुखणे हे नेहमीचे आहे. पायांतली ताकद जाणे दुर्मीळ आहे, पण होऊ शकते. ते कागदावर लिहिलेले असायला हवे आणि डॉक्टरांनी तोंडी सांगायलाही हवे. ओटीपोट आणि गुदद्वाराजवळच्या काही ब्लॉकमध्ये लघवी-शौचावरचा ताबा जाण्याचा धोका विचारा.

घरी आल्यावर

रुग्णाला एकदम उभे करू नका. आधी बसवा, पाच मिनिटे थांबा, मग उभे करा. पाणी भरपूर द्या. अंगावर फेंटानिलचा पॅच असेल, तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका; उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जाते.

मॉर्फिन आपल्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवले तर घाम, जुलाब, तगमग सुरू होते. तसेच जुनाच डोस डोळे झाकून चालू ठेवू नका. वेदना उतरली की तोच डोस जड पडतो आणि रुग्ण गाढ गुंगीत जाऊ शकतो. डोस किती आणि कोणत्या दिवशी कमी करायचा, याचा तक्ता डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ वेदनेचा आकडा वहीत टिपा. पुढच्या भेटीत तीच वही डॉक्टरांना लागते.

पायात अशक्तपणा, लघवी अडणे, ताप, श्वास लागणे, चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही झाले, तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जा. त्यासाठी रात्री उचलला जाणारा फोन नंबर आधीच घेऊन ठेवा.

आडवाटा टाळा

मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर ‘नंबर लवकर लावून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मॉर्फिन प्रत्येक दुकानात मिळत नाही. २०१४ मध्ये कायदा सुधारल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून ते मिळते. म्हणून ओळखीच्या रुग्णाची उरलेली पट्टी मागू नका, आपली दुसऱ्याला देऊ नका. घरी येऊन, यंत्राशिवाय, ‘अंदाजाने’ पोटाचा खोल ब्लॉक देणारा कोणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तारीख पक्की करण्याआधी डॉक्टरांकडून पाच उत्तरे कागदावर घ्या : कोणता ब्लॉक आणि का, चाचणी वेगळी की एकत्र, आराम किती आठवडे अपेक्षित, ओळवार खर्च किती, आणि उपयोग झाला नाही तर पुढे काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘पुन्हा ब्लॉक’ एवढेच आले, तर पैसे भरू नका. औषधांचा बदल, रेडिओथेरपी आणि घरपोच पॅलिएटिव्ह काळजी या तिन्हींवर बोलणारे डॉक्टर शोधा.